झुकलेला ठसा

मंगळवारी सकाळी, ऑफिसात पहिला चहा व्हायच्या आत, साएको निवाला आपलाच ठसा झुकलेला दिसला. किनारा-पाहणीच्या अहवालाची मूळ प्रत बांधणीवाल्याकडून नुकतीच आली होती, अजून तिला डिंकाचा वास येत होता. दुपारच्या टपालानं ती सरकारी कचेरीकडे रवाना व्हायची होती, आणि पाकिटात घालण्यापूर्वी पानं उलटीसुलटी लागलेली नाहीत ना, एवढंच बघायला साएकोनं ती उघडली. पहिल्याच पानावर, सहीऐवजी नावाचे ठसे मारायचे नेहमीचे चार चौकोन. उजव्या टोकाला पाहणी करणाऱ्या उराबेचा लाल गोल ठसा, त्याच्या डावीकडे तपासणाऱ्या निवाचा, मग उपप्रमुखांचा, आणि डाव्या टोकाला काताकाईसाहेबांचा. साहेबांचा ठसा ताठ. बाकीचे तिघे त्यांच्या दिशेनं किंचित कललेले, जिन्यात साहेब भेटले की माणसं कलतात तसे. हे कुणी कुणाला शिकवत नाही. नोकरीला लागून महिना झाला की हाताला आपोआप कळतं, वरच्याच्या चौकोनाकडे पाठ ताठ ठेवून उभं राहायचं नसतं. बाकीचे तिघे, म्हणजे त्यात तिचाही. एकवीस वर्षांत साएकोनं एकदाही ठसा वाकडा मारला नव्हता. बंडबिंड काही नव्हतं त्यात. सुरुवातीला तिला ही रीत ठाऊकच नव्हती, आणि कळली तेव्हा ती इतक्या कागदांवर ताठ उभी राहिलेली होती की आता वाकणं म्हणजे इतके दिवस आपलं चुकलं अशी कबुली देणं झालं असतं. आधीचे साहेब चेष्टेनं, पण नावापुढे आदराचं ‘सान’ लावून म्हणत, “निवासानच्या पाठीत उसण भरलीय, बाम लावा कुणीतरी.” सगळे हसत, तीही हसे. पण त्या संध्याकाळी घरी जाताना तिला आतून बरं वाटलेलं असे. आपलं म्हणावं असं त्या ऑफिसात तिच्यापाशी तेवढंच काय ते होतं.

ठशाखाली तारीख होती पाच जूनची. पाच जूनला ती तोक्योत नव्हतीच. ती तिकडे उत्तरेला, मुराकामी गावच्या दहनघरात, मावसभावाच्या समोर उभी राहून मावशीची हाडं काड्यांनी उचलत होती. एका हाडाला दोघांच्या काड्या, त्यानं धरायचं, तिनं धरायचं, आणि दोघांनी मिळून कलशात ठेवायचं. पायांपासून सुरुवात करायची, म्हणजे मावशी कलशात उभी राहील, डोकं वर. तिथल्या माणसानं मानेचं हाड दाखवून म्हटलं होतं, “फार सुरेख राहिलंय, बघा.” साएकोच्या काड्या मध्येच थांबल्या होत्या आणि मावसभाव हळूच म्हणाला होता, “घाई नाही, ताई.” मग त्याच वेळी, त्याच दुपारी, इथे तिसऱ्या मजल्यावर तिच्या टेबलाचा वरचा खण कुणीतरी उघडला. खणाला कुलूप नव्हतं. कुणाच्याच खणाला नसतं. शिक्का घरी न्यायचा नाही, खणात ठेवायचा. आणि कुलूप लावायचं तर शेजारी बसणाऱ्याला चोर म्हटल्यासारखं होतं, म्हणून कुणी लावत नाही. कोण इतका वाईटपणा घेणार?

आणि तिनं तर या अहवालावर ठसा मारायचं नाकारलं होतं! रजेवर जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं मसुद्याला पिवळी चिठ्ठी डकवली होती. ‘हामानो नदीच्या मुखाची पाहणी गेल्या वर्षी १८ व १९ ऑगस्टला झालेली दिसते. लहान सुरय हा पक्षी तिथे मे-जूनमध्ये अंडी घालतो. ऑगस्टपर्यंत पिल्लं उडून जातात. पाहणी मेमध्ये का झाली नाही? उत्तर मिळेपर्यंत ठसा नाही.’ चिठ्ठी गायब होती. अहवालाचं शेवटचं वाक्य जिथल्या तिथे होतं: ‘लहान सुरयाचं एकही घरटं आढळलं नाही.’ हे खोटं नव्हतं, हीच त्यातली कारागिरी. ऑगस्टात घरटं आढळणारच नव्हतं. या वाक्याच्या जोरावर शरद लागताच तिथल्या वाळूवर काँक्रीटच्या पायऱ्या ओतल्या जाणार होत्या, आणि हे वाक्य निवाबाईंनी तपासलंय, असं तो लाल ठसा जन्मभर सांगत राहणार होता, तोही साहेबांकडे मान तुकवून.

तिनं वर पाहिलं. समोरच्या टेबलावर उराबे खारी गोळी सोलत होता. सोळा वर्षं ते समोरासमोर बसत होते. उन्हाळा लागला की तो अख्ख्या मजल्याला मिठाच्या गोळ्या वाटी, घामातलं मीठ भरून निघतं म्हणे.

“मावशींचं सगळं नीट पार पडलं ना?” उराबेनं विचारलं आणि एक गोळी तिच्या टेबलावर सरकवली.

“पडलं. उराबेसान, हा ठसा...”

“हां, ते होय.” त्यानं आवाज खाली आणला. “गुरुवारी साहेब एकदम मागेच लागले हो, आजच्या आज बांधणीला द्या म्हणून. तुम्ही दुःखात. अशा वेळी फोन तरी कसा करायचा? म्हटलं, उगीच तुमच्या जिवाला त्रास नको. खण उघडाच होता.” आणि बसल्या बसल्याच त्यानं मान लववली. “माफ करा हं, न विचारता केलं.”

आणि साएको निवानं काय करावं? ती म्हणाली, “नाही नाही, उलट तुमची मदतच झाली. आभारी आहे.”

तोंडातून शब्द निघून गेले आणि मग तिला ते ऐकू आले. आभारी आहे! माणसाच्या घरात कुणी शिरावं, त्याचं नाव उचलून न्यावं, आणि घरमालकानं दारापर्यंत सोडायला जाऊन कंदील दाखवावा, त्यातली गत. कुणी पायावर पाय दिला की ‘माफ करा’ म्हणायचं, आणि कुणी गळा धरला की ‘आभारी आहे.’ तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उराबेनं सुटकेचा श्वास टाकला, तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. साएकोनं प्रत पाकिटात घातली, पाकीट पिशवीत घातलं, आणि “टपालात टाकून येते,” म्हणून ती बाहेर पडली. कोपऱ्यावरचं टपाल ऑफिस मागे पडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण आत शिरलो नाही. स्टेशनाच्या जिन्यावर लक्षात आलं की पायात ऑफिसात घालायच्या सपाता आहेत, बूट टेबलाखालीच राहिले. परत जावंसं वाटलं नाही. परत गेलं असतं तर उराबेनं विचारलं असतं, ‘काय विसरलं?’ आणि तिनं पुन्हा काहीतरी गोडच उत्तर दिलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घराकडे जाणारी गाडी होती. रोज संध्याकाळी जिच्यात उभं राहून पाय भरून यायचे ती गाडी दिवसाढवळ्या जवळजवळ रिकामी होती, आणि साएको खिडकीशी बसली. घरी जाऊन काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं. राग आलेल्या माणसानं घरी जाऊन काय करावं? भात लावावा? तिचा राग अजून नीट उराबेवर जाऊन बसला नव्हता, तो जागा शोधत होता. मध्येच तो काताकाईसाहेबांकडे गेला, पण साहेब काय, ते तर सांगूनसवरून साहेब. मग तो स्वतःकडे वळला आणि तिथे बराच वेळ बसला. मग कुठून कोण जाणे, तिला नवऱ्याची आठवण आली. सोडून अकरा वर्षं झाली होती. तो बँकेत होता, दिवसाला शंभर कागदांवर शिक्का मारायचा. घटस्फोटाचा हिरवा कागद त्यांनी स्वैपाकघरातल्या टेबलावर भरला होता, मध्ये सोयाबीनच्या शेंगांची वाटी. दोघांचीही कारणं तोवर बोलून बोलून संपली होती. आधी तिनं शिक्का मारला, ताठ. मग त्यानं मारला, आणि कागद उचलून पाहते तो त्याचा ठसा तिच्या नावाकडे अदबीनं कललेला. लग्नाच्या चौदा वर्षांत तो तिच्यापुढे पहिल्यांदाच वाकला, आणि तोही सवयीनं! ती हसायला लागली, तो चिडला, “आताही हसतेस?” म्हणाला, आणि ते जे तुटलं ते तुटलंच. तेव्हा तिला त्याची दया आली होती. आता वाटलं, दया कसली करत होते मी? तो निदान स्वतःच्या हातानं वाकला होता. मला तर झोपेत उचलून कुणीतरी दंडवत घालायला लावला.

घराचं स्टेशन आलं. दारं उघडली, एक बाई बाळाची गाडी घेऊन चढली, दारं मिटली. साएको उठली नाही. पुढची स्टेशनं नुसत्या नावांनी ओळखीची होती, मग तीही ओळख संपली. इमारती बसक्या झाल्या, मध्ये मध्ये भातखाचरं आली, त्यांत गुडघाभर पाण्यात बगळे उभे. या एकवीस वर्षांत तिच्या टेबलावरून दोनशेच्या वर किनारे गेले होते. कुठल्या दगडावर कोणतं शेवाळ, भरतीची रेघ कुठवर, कोणता पक्षी किती वाजता, हे सगळं तिनं लाल पेन्सिलीनं तपासलं होतं. अमक्या खाडीतला चिखल किती खोल हे ती झोपेत सांगू शकली असती. त्यातला एकही किनारा तिनं पाहिलेला नव्हता. तपासणाऱ्यानं जागेवर जायचं नसतं. जाऊन पाहिलं तर मत बनतं, आणि मत बनलं की तपासणी बिघडते, असं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि तिला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. किती सोयीचं! डोळे बांधलेल्या माणसाच्या हाती तराजू द्यायचा, आणि त्याची पाठ वळली की त्याच्या नावानं वजनही आपणच लिहायचं.

गाडी थांबली आणि पुन्हा सुटलीच नाही. शेवटचं स्टेशन होतं. बाहेर आल्यावर खारट, थोडा कुजकट वारा तोंडावर आला. समोर एकच बस उभी होती आणि तिच्या कपाळावर पाटी होती: हामानो नदीमुख. अहवालाचं पान तीन, ‘जागेला जवळचे स्टेशन’. साएकोनं स्टेशनाचं नाव मागे वळून वाचलं. होय, हेच ते. तिनंच त्यातली एक चूक सुधारली होती. तोक्योहून निघताना हे तिच्या मनात नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. पण आता बसच्या पायरीवर पाय ठेवताना तिला आपण काही जगावेगळं करतोय असंही वाटलं नाही. चालकानं तिच्या सपातांकडे पाहिलं आणि मग नजर काढून घेतली.

किनाऱ्यावर कुणीच नव्हतं. पावसाळी आभाळ होतं पण पाऊस नव्हता. समुद्र राखाडी आणि मोठ्या आवाजाचा. नदी समुद्राला मिळते तिथे वाळूची एक लांबट जीभ पुढे गेलेली, तिच्यावर शिंपल्यांचा चुरा, वाहून आलेली लाकडं, जाळ्यांचे प्लॅस्टिकचे तरंगे. नकाशात हा भाग आडव्या रेघांनी दाखवला होता. रेघा म्हणजे ‘पडीक’. साएको त्या रेघांवरून चालू लागली. सपातांत वाळू शिरली, तिनं त्या काढून हातात घेतल्या. आणि ती दहा पावलंही गेली नसेल, तोच डोक्यावर कुणीतरी कर्कश ओरडलं.

“अगं ए! हलू नकोस! आहेस तिथंच थांब!”

हे मात्र माणूस ओरडलं होतं. मागे बांधाच्या कडेला, मासळी वाळवायच्या मांडवाखालून एक म्हातारी हात उंचावून सांगत होती. साएको एक पाय उचललेला तसाच ठेवून थांबली. आणि मग तो पक्षी खाली आला. पांढरा, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, टोकाशी शाईत बुडवल्यासारखी काळी. तो तिच्या डोळ्यांच्या बरोबर समोर हवेत उभा राहिला. खरंच उभा, पंख इतक्या वेगानं हलत होते की ते दिसत नव्हते. चोच उघडी, आतली लाल जीभ दिसत होती, आणि तो तिला शिव्या देत होता. दुसरं काही नाही, सरळ शिव्या. तिच्या मुठीत मावला असता एवढा जीव, पाकिटातल्या अहवालापेक्षा कितीतरी हलका, आणि त्याला तिच्या उंचीचं काही नाही, वयाचं नाही, पदाचं नाही. त्यानं सूर मारला, तिच्या केसांना पंख घासून वर गेला, फिरून पुन्हा आला. पुढच्या खेपेला तिच्या खांद्यावर काहीतरी गरम, पातळ पडलं. साएकोनं पुसलं नाही. हा कुणाला ‘आभारी आहे’ म्हणत नव्हता.

“पायाखाली बघ,” म्हातारी जवळ येत म्हणाली. “डाव्या अंगठ्यापाशी.”

काहीच नव्हतं. वाळू, शिंपल्यांचे तुकडे. मग एकाएकी दिसलं, आणि दिसल्यावर आधी दिसत कसं नव्हतं तेच कळेना. वाळूत नुसता एक खळगा आणि त्यात तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. काडी नाही, गवत नाही, आडोसा नाही. दोन हातांवर आणखी एक खळगा. त्यापलीकडे एक पक्षी बसलेला, मान ताठ, तिच्याकडेच बघत. त्याच्या जोडीदारानं समुद्रावरून चांदीच्या तारेएवढा मासा आणला आणि एवढ्या गदारोळात त्याच्या चोचीत दिला. साएकोनं मोजायला सुरुवात केली. एवढंच तर तिला येत होतं. उभ्या जागेवरून, पाय न हलवता तिनं एकतीस घरटी मोजली. तिच्या लाल पेन्सिलीखालून गेलेलं वाक्य होतं, ‘एकही घरटं आढळलं नाही.’

“चाळीस आहेत,” म्हातारी म्हणाली. तिचं नाव योने. कंबरेत वाकलेली, डोक्याला रुमाल, हाताला मासळीचे खवले चिकटलेले. “माझ्या मागनं ये, मी पाय टाकीन तिथंच पाय टाक. काय गं, शहरातली दिसतेस. जीव द्यायला तर नाही ना आलीस? अनवाणी, चपला हातात...”

“नाही हो आजी.”

“मग बरं. मागं एकजण आला होता, त्याला भात घालून परत पाठवला.” योनेनं तिला मांडवाखाली फळीवर बसवलं आणि थंड जवाचा चहा हातात दिला. “खांद्यावर प्रसाद मिळाला म्हण की. असू दे, वाळला की झडतो.”

“गेल्या वर्षी इथे पाहणीला माणसं आली होती ना, आजी? ऑगस्टमध्ये?”

“आली होती की. तिघं. सणाला पितर घरी येऊन परतसुद्धा गेले, मग ही आली, टोप्या घालून, तीन पायांवर दुर्बीण मांडून. मी म्हटलं, अरे मुलं पळायला लागल्यावर बारसं जेवायला आलात होय? आता काय बघणार, वाळू? तर त्यातला म्होरक्या म्हणतो कसा, ‘आजीबाई, आम्हाला तारीख हीच दिलीय.’” योने थुंकली. “आणि त्याच्यामागं उभा कोण होता माहितीये? गोळीवाला! मेल्यानं ओळखसुद्धा दाखवली नाही.”

“गोळीवाला?”

“अगं, तो आधी येऊन गेला होता ना. मे महिन्यात, रविवारचा, एकटाच. उंच, चष्मा, बोलायला फार गोड. घरून डबा घेऊन आलेला. त्या तिथं वाळूत पालथा पडून सकाळपासनं दुपारपर्यंत मोजत होता, आणि बारक्या निळ्या वहीत लिहीत होता. ह्या पाखरांनी त्याचं डोकं अगदी पांढरं करून टाकलं, तरी पोरासारखा हसत होता. मला मिठाची गोळी दिलीन. म्हणाला, ‘आजी, हे असंच्या असं लिहून वर देतो.’ मी त्याला भात वाढला, लोणचं वाढलं. आणि ऑगस्टात माझ्याकडं असं बघितलंन, जशी काय मी बांधावरची खुंटी.”

साएकोच्या हातातला पेला तसाच राहिला. म्हणजे उराबेला माहीत होतं. इतका वेळ ती त्याला भित्रा समजत होती, मऊ, हो ला हो म्हणणारा, आणि मऊ माणसावर पुरतं रागावता येत नाही म्हणून तिचा राग सकाळपासून वणवणत होता. आता त्याला घर मिळालं. हा माणूस स्वतःच्या सुटीच्या दिवशी, स्वतःच्या पैशानं इथे आला, त्यानं पाहिलं, त्याला आनंद झाला, त्यानं मोजलं, आणि मग ती वही खिशात घालून तो वर्षभर तिच्यासमोर बसून गोळ्या चघळत राहिला. तिनं पिवळ्या चिठ्ठीवर प्रश्न लिहिला, तेव्हा उत्तर तिच्यापासून चार फुटांवर होतं, त्याच्या सदऱ्याच्या खिशात! त्यानं चिठ्ठी काढली. आणि वर म्हणतो, तुमच्या जिवाला त्रास नको. कुणी नेमलं होतं याला माझ्या जिवाचा राखणदार? खोटं बोलणारा परवडला, तो निदान आपल्याला शत्रू तरी मानतो. हे दयाळू लोक! हे तुमच्या तोंडावर शाल पांघरतात, ऊब लागावी म्हणून, आणि श्वास कोंडला की म्हणतात, झोप लागली बिचारीला. साएको मोठ्यानं बोलली असावी, कारण योनेनं विचारलं, “कोण कोंडलं?”

“मी,” साएको म्हणाली. “आजी, टपाल ऑफिस कुठे आहे? आणि पाचला बंद होतं ना?”

योनेच्या शेजाऱ्याच्या छोट्या टेम्पोतून, मासळीच्या खोक्यांशेजारी बसून ती गावात पोचली तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. टपालात एकच खिडकी, खिडकीमागे तिच्याच वयाची, केस घट्ट बांधलेली बाई. कडेच्या फळीवर दोऱ्यानं बांधलेलं पेन आणि लाल शाईची उघडी डबी. साएकोनं अहवाल काढला, पहिलं पान उघडलं. पट्टी नव्हती, तिनं पाकिटाची कड धरून आपल्या चौकोनावर दोन आडव्या रेघा मारल्या. नियम तिला पाठ होता: खोडलेल्या मजकुरावर खोडणाऱ्याचा तोच शिक्का हवा, नाहीतर खोडणं धरत नाहीत. आणि तो शिक्का तोक्योत, ज्यांनी तो चोरून मारला त्यांच्याच ताब्यात. आपलं नाव आपलं नाही हे सांगायलाही त्यांच्याच दारात जायचं! ती क्षणभर त्या लाल डबीकडे पाहत राहिली. मग तिनं उजव्या हाताचा अंगठा शाईत दाबला. अंगठा उठवतात तो पोलीस चौकीत पकडून आणलेला माणूस, नाहीतर शिक्का घरी विसरलेला गबाळा. सभ्य बाईनं अंगठा उठवायचा तो कुठल्याशा मोठ्या बदनामीतच. तिनं तो दोन रेघांवर टेकवला आणि सावकाश उचलला. मग बाजूला लिहिलं: ‘पाच जूनचा ठसा माझा नाही. दहा जून, हामानो नदीमुख. जागेवरून मोजलेली घरटी एकतीस, सगळ्यांत अंडी. तपासणारी: साएको निवा.’ अक्षर शेवटी शेवटी जरा बिघडलं.

“ताई, हे घ्या,” खिडकीमागची बाई ओला कागदी रुमाल देत म्हणाली. तिनं आधी अंगठ्याकडे पाहिलं, मग खांद्याकडे, पण विचारलं काही नाही. “पाचची गाडी आहे. उद्या सकाळी पोचेल.”

तेवढ्यात पिशवीत फोन थरथरला. सकाळपासून सतरा वेळा थरथरून गेला होता. या वेळी साएकोनं घेतला.

“निवासान! आहात कुठे तुम्ही?” उराबेचा आवाज दबलेला, घाबरा. “बरी आहात ना? प्रत टपालात पडलेलीच नाही म्हणे. साहेबांनी दुसरी प्रत छापून घेतलीय, ती इथे माझ्यासमोर आहे. साहेबही इथेच उभे आहेत. आणि तुमचा शिक्का... माझ्या हातात आहे. म्हटलं, या वेळी विचारूनच मारावा.”

“नाही,” साएको म्हणाली.

“अं?”

“नाही म्हटलं. मारू नका.”

मग उराबे अगदी तोंडाशी फोन धरून म्हणाला, “निवासान, मला निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत हो. तुम्हालाही पुन्हा या टेबलाशी बसता यायचं नाही. जरा विचार करा. माझ्याही नावाचा ठसा आहे त्यावर.”

“मी हामानोत आहे, उराबेसान. योने आजींच्या हातचा चहा पिऊन आले. त्यांनी तुम्हाला भात वाढला होता.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“निळी वही कुठे आहे?”

“...खिशात.” वर्षभर खिशात! उराबे घाईनं पुढे म्हणाला, “निवासान, मी ती टाकून देणार होतो. पण टाकवेना. रोज सकाळी सदरा बदलताना...”

“ते मला सांगू नका. वाचा.”

“आत्ता? अहो, साहेब...”

“आत्ता. पाकीट अजून बंद केलेलं नाही. मी लिहून घेतेय, तुमच्या नावानिशी. नाहीतर ‘उराबेनं मोजली होती आणि लपवली’ एवढंच लिहीन. तुम्हाला कोणतं हवं ते तुम्ही ठरवा, मी तुमच्या वतीनं ठरवणार नाही.”

दूरवर काताकाईसाहेबांचा आवाज आला, “काय म्हणतायत त्या? हो म्हणाल्या का?” टेबलावर लाकडी शिक्का ठेवल्याचा बारीक आवाज झाला. मग कागद उलटल्याचा. साएकोनं दोऱ्याला बांधलेलं पेन ओढून घेतलं. दोरा आखूड होता, तिला वाकून लिहावं लागणार होतं. खिडकीमागच्या बाईनं घड्याळाकडे पाहिलं, सहा मिनिटं होती, आणि खिडकीची झडप खाली ओढायला उचललेला हात मागे घेतला. फोनमधून पुटपुटणं येऊ लागलं, “एकोणीस मे, रविवार. वारा आग्नेयेचा. सकाळी सात ते...” शेजारच्या टेबलाला कळू नये अशा बेतानं तो वाचत होता. सोळा वर्षांची ओळख, त्याचा दबका आवाज, तीन वर्षांवर आलेली निवृत्ती, सगळं साएकोला समजत होतं, आणि तिचा राग तसूभरही कमी झालेला नव्हता.

“ऐकू येत नाही, उराबेसान,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा.”